शेवटून पहिली

आमच्या ट्रेकच्या गटात मी सगळ्यांच्या मागे चालते. पुढे असतो तो लीडर. वाट त्याला ठाऊक असते, फोटोत तो असतो, माथ्यावर पोचल्यावर शिवरायांच्या नावाची आरोळीही तोच ठोकतो. मागे कोण होतं हे परतीच्या गाडीत डोकी मोजायची वेळ आली की लोकांना आठवतं. तक्रार म्हणून हे लिहीत नाही. आठवडाभर कचेरी आणि सुट्टीच्या दिवशी हे काम, यात वर्षं कशी गेली कळलं नाही, आणि डोंगराबद्दल मला जे काही समजलं ते बहुतेक या मागच्या जागेवरून समजलं.

त्यातही गणपती उठल्यापासून कोजागिरीपर्यंतचे एक दिवसाचे ट्रेक हा माझा खास प्रांत. कळसूबाई, साल्हेर, रतनगड, तोरणा, हरिश्चंद्रगडावरची तारामती. सकाळी पायथा, दुपारी माथा, दिवेलागणीच्या आत पुन्हा पायथा. मुक्काम नाही, तंबू नाही, चुलीवरची रात्रीची खिचडी नाही. मुरलेले भटके अशा ट्रेकना जरा हलकंच लेखतात. मला विचाराल तर मुक्कामाच्या ट्रेकपेक्षा यांत डोकं जास्त लागतं, कारण हाताशी एकच दिवस असतो आणि तो या महिन्यांत रोज थोडा आखूड होत असतो.

मी सुरुवातीला इतरांसारखीच पैसे भरून येणारी होते. एकदा तोरण्याच्या वाटेवर गटातले एक जुने काका माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "वाट शोधणारी पोरं दहा मिळतात. थांबणारं माणूस मिळत नाही. तू थांबतेस, मी बघतोय." असं म्हणून त्यांनी आपल्या सॅकमधली प्रथमोपचाराची पिशवी, शिट्टी आणि दोराची गुंडाळी माझ्या सॅकमध्ये घातली. यात कौतुक किती आणि त्यांच्या पाठीवरचं ओझं कमी करण्याची सोय किती, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. दोर बराच जड होता.

मागून चाललं की लोकांचे चेहरे दिसत नाहीत, पाय दिसतात. पाय खोटं बोलत नाहीत. "मी एकदम फिट आहे ताई" म्हणणाऱ्याची टाच जमिनीवर आपटायला लागली की समजायचं, मांड्या संपल्या. वळणावर पाय उचलण्याऐवजी घासत नेला की पाणी कमी पडलंय. दगडावर आधी चवडा टेकवून मग भार टाकणारा माणूस गावाकडचा असतो किंवा डोंगरात मुरलेला. थेट टाच रोवणारा शहरातला, आणि उतरताना तोच पहिला बसणार. पहिल्या अर्ध्या तासात मी मनाशी यादी करून ठेवते की आज उतरताना कोणाकोणाच्या जवळ राहायचं आहे. ती यादी फारशी चुकत नाही.

जून-जुलैत डोंगरावर येणारा माणूस मनाची तयारी करून येतो. भिजायचं आहे, घसरायचं आहे, धुक्यात काही दिसणार नाही, हे त्याने गृहीत धरलेलं असतं. सप्टेंबरच्या शेवटी तोच माणूस सहलीला आल्यासारखा येतो. त्याचाही दोष नाही. पाऊस मागे सरकलेला असतो, हवा धुऊन निघालेली असते, रतनगडाच्या नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात, बसलं की अलंग, मदन, कुलंग आणि कळसूबाई हाताने शिवता येतील असं वाटतं. उतार सोनकीने पिवळे झालेले असतात, मध्येच तेरड्याचे गुलाबी पट्टे. ओल्या कातळावर वाकून पाहिलं तर सीतेची आसवं दिसतात. बोटाच्या पेराएवढ्या काडीवर निळंजांभळं फूल, इतकं नाजूक की बुटाखाली किती गेली हे कळतही नाही. आणि ही वनस्पती चक्क कीटक खाते. मुळांच्या जागी बारीक फुगे असतात, पाण्यातला जीव त्यांना लागला की फुगा उघडतो आणि जीव आत ओढला जातो. एवढंसं फूल दाखवून हे सांगितलं की दमलेली माणसं आपोआप पाच मिनिटं थांबतात. विश्रांती घ्या म्हटलं तर ऐकत नाहीत, फूल बघा म्हटलं की ऐकतात. मागे चालणाऱ्याला अशा युक्त्या लागतात.

डोंगर देखणा दिसला की माणूस सैल पडतो, आणि याच दिवसांत पायाखालची जमीन सगळ्यात फसवी असते. गवत कमरेएवढं वाढलेलं असतं. त्यात वाट बुडते, गुरांनी पाडलेली ढोरवाट खरी वाटायला लागते आणि गवताआडचा खड्डा पाय आत गेल्यावरच कळतो. हिरवंगार शेवाळ सगळ्यांना दिसतं, त्यावर कोणी पाय देत नाही. घात करतं ते वाळत आलेलं काळपट शेवाळ, वरून कोरडं आणि आतून ओलं. उतारावरचा मुरूम सुटा व्हायला लागतो, त्यावर आडवं झालेलं गवत असतं, आणि चढताना ज्या जागेकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही तिथे उतरताना निम्मा गट बसून घसरतो. अशा वेळी लोक हाताला येईल ते गवत धरतात. गवत उपटून येतं. कारवी मात्र बुंध्याशी धरली तर सहसा दगा देत नाही. सात-आठ वर्षांतून एकदा फुलून मरणारं हे झुडूप. लोक त्याची जांभळी फुलं बघायला लांबून येतात. मला ते उतरणीवरच्या कठड्यासारखं जास्त आठवतं.

या सगळ्यात उजेडाचा हिशेब लोक विसरतात. जूनच्या शेवटी पुण्याकडे सूर्य सव्वासातच्या आसपास मावळतो. कोजागिरीच्या सुमारास सहा-सव्वासहालाच. म्हणजे तासाभराचा उजेड गेला. शिवाय डोंगराच्या पूर्वेच्या अंगाने उतरत असाल तर सावली त्याच्याही आधी येते. चार महिन्यांपूर्वी याच वाटेने आरामात उतरलो होतो, असं म्हणणारा माणूस दर ऑक्टोबरमध्ये एक तरी भेटतो.

म्हणून आमच्याकडे दिवसाचा हिशेब पायथ्यापासून उलटा करतात. कळसूबाईचं उदाहरण घ्या. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. आश्विनात बारी गावात साडेसहाला काळोख होतो. काही बिनसलंच तर हाताशी वेळ असावा म्हणून पाचला सगळे गावात हवेत. सगळ्यात सावकाश उतरणाऱ्याला तीन तास धरायचे, म्हणजे दोनला माथा सोडायचा. वर देवीचं दर्शन, डबा आणि फोटो यांना पाऊण तास. त्याच सावकाश माणसाला चढायला चार तास. लोखंडी शिड्यांपाशी खोळंबा होतो त्याचा एक. झाले सव्वाआठ. सव्वाआठला पहिलं पाऊल पडलं नाही, तर माथा त्या दिवसापुरता विसरायचा किंवा गटाचे दोन भाग करायचे. हिशेब सावकाश माणसाचा धरायचा, सरासरीचा नाही. सरासरी माणूस कुठल्याच गटात नसतो.

नवरात्रात हाही हिशेब पुरत नाही. त्या दिवसांत कळसूबाईला आसपासच्या गावांतून माणसं लोटतात आणि शिड्यांवर वर जाणारे नि खाली येणारे समोरासमोर उभे ठाकतात. एका वर्षी एका शिडीखाली आम्ही तासाहून जास्त वेळ उभे होतो. माझ्यासोबत आयटीतली चार मुलं होती, पायांत भारी बूट, हातांत काठ्या. मागून नऊवारीतल्या तीन बाया आल्या, अनवाणी, एकीच्या डोक्यावर पूजेची पाटी. त्यांनी एका हाताने शिडी धरली, दुसऱ्या हाताने पाटी सावरली आणि गप्पा न थांबवता वर गेल्या. मुलं बघत राहिली. उतरताना त्या पुन्हा भेटल्या, तेव्हा एका मुलाने विचारलं, "मावशी, दम नाही लागला?" ती म्हणाली, "लागतो की. पण शिडीवर थांबून काय करायचं?"

या देवीची कथा मला आवडते. कळसू ही कोळ्याची पोर. डोंगराखालच्या गावात एका घरी कामाला राहिली, ती भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही या अटीवर. एक दिवस घरच्यांनी तेच काम सांगितलं. तिने ते केलं, आणि मग डोंगर चढून गेली ती खाली आलीच नाही. आठवडाभर घर आणि कचेरी सांभाळून रविवारी पहाटे डबा भरणाऱ्या बायकांना ही गोष्ट सांगितली की त्या मोठ्याने हसतात. पुरुष जरा कमी हसतात.

बायकांवरून आठवलं. मागे बाई चालत असली तर गटातल्या बायका मोकळेपणाने थांबतात. पाळी आली, लघवीला जायचंय, अंतर्वस्त्र काचतंय, या गोष्टी पुढच्या पंचविशीतल्या लीडरला सांगायला त्या तयार नसतात. मग पाणी पीतच नाहीत. ऑक्टोबरच्या उन्हात उघड्या सोंडेवर पाणी न पिता चार तास चढल्यावर पोटऱ्यांना गोळे येणारच. आम्ही मीठ, साखर, लिंबू देतो, पाय चोळतो. पण खरा उपाय पायथ्याशीच असतो. निघण्याआधी मी सगळ्या बायकांना बाजूला घेऊन सांगते की दर तासाला आडोशाला थांबणार आहोत, पाणी प्या. त्या एका वाक्यापासून गोळे येण्याचं प्रमाण डोळ्यांत भरण्याइतकं कमी झालं.

मागच्या माणसाला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "ताई, किती राहिलं?" याला ट्रेकिंगमधलं ठरलेलं उत्तर आहे, "हे काय, आलंच, पाच मिनिटं." हे उत्तर प्रेमाने देतात, पण त्याने माणसाचं नुकसान होतं. पाच मिनिटांसाठी तो उरलेली सगळी ताकद लावतो आणि पुढे तासाभराची चढण उभी असते. तोरण्याला एक निवृत्त शिक्षक लेकीबरोबर आले होते. वेल्ह्याच्या वाटेवर रेलिंगच्या अलीकडे ते बसले आणि त्यांनी हाच प्रश्न विचारला. मी म्हटलं, "सर, तुमच्या चालीने बिनी दरवाजा अजून सव्वा तास. त्यातली शेवटची वीस मिनिटं अवघड आहेत." लेक माझ्याकडे रागाने बघायला लागली. सरांनी खिशातून गूळ-शेंगदाणे काढले, शांतपणे खाल्ले, घड्याळ पाहिलं आणि उठले. दरवाज्यात पोचल्यावर म्हणाले, "आकडा कळला की पाय ऐकतात." तेव्हापासून मी अंतर नेहमी खरं सांगते, आणि ते त्या माणसाच्या चालीने सांगते.

आता साल्हेर. १५६७ मीटर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला. गुहा आणि गंगासागर तलावापर्यंत आलो होतो. वर परशुरामाच्या देवळाचा शेवटचा सुळका तेवढा राहिला होता, अर्ध्या तासाचं काम. हस्त नक्षत्र चालू होतं. या दिवसांत सकाळी आभाळ स्वच्छ असतं आणि दुपारी बघता बघता ढग उभे वाढतात. साडेबाराला लांबवर गडगडलं. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत मोजायचं, तीन सेकंदांना एक किलोमीटर. त्या दिवशीची वीज बरीच लांब होती. तरी लीडर आणि मी एकमेकांकडे पाहिलं आणि माथा रद्द केला. उघड्या सुळक्यावर तीस माणसं, त्यांतली दहा सावकाश. वीज जवळ आली तर त्यांना खाली आणायला वेळ उरला नसता.

मुंबईहून रात्रभर प्रवास करून आलेले एक गृहस्थ फार चिडले. १६७२ मध्ये मराठ्यांनी मोगलांना जिथे उघड्या मैदानात हरवलं ती जागा माथ्यावरून बघायची म्हणून ते आले होते, वाचून आले होते. पैसे भरल्याचंही त्यांनी ऐकवलं. आम्ही सगळ्यांना खाली काढलं. आणि त्या दिवशी पाऊस पडलाच नाही. ढग बाजूने निघून गेले. आम्ही पायथ्याशी चहा पीत होतो तेव्हा सुळक्यावर लख्ख ऊन होतं. गृहस्थांनी बोट करून ते मला दाखवलं.

परतीच्या गाडीत मी यावर बराच विचार केला. पाऊस आला असता तर लोकांनी आमची पाठ थोपटली असती. आला नाही म्हणून निर्णय चुकला का? साडेबाराला जे दिसत आणि ऐकू येत होतं त्यावर निर्णय घेतला होता. तीन वाजताचं ऊन साडेबाराला कोणाला दिसत नव्हतं. पुन्हा तसं गडगडलं तर आम्ही पुन्हा उतरू. ते गृहस्थ पुन्हा आमच्याकडे आले नाहीत, आणि त्यांचंही मला पटतं. डोंगरातले बरेचसे बरोबर निर्णय असेच असतात, ते बरोबर होते हे कधीच सिद्ध होत नाही.

बुटांबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. या हंगामात जवळपास प्रत्येक ट्रेकला एकाच्या तरी बुटाचा सोल निघतो. बूट महागडे असतात, एकदोनदाच वापरलेले असतात आणि पावसाळाभर माळ्यावर पडून असतात. पॉलियुरेथेनचा सोल दमट हवेत न वापरताही आतून कुजतो, हे लोकांना माहीत नसतं. सोल पुढून जबड्यासारखा उघडतो आणि माणूस माथ्यावर एका पायाने लंगडत उभा राहतो. माझ्या सॅकच्या वरच्या कप्प्यात त्यासाठी नायलॉनची बारीक दोरी असते. चवड्याखालून दोन वेढे घ्यायचे, वर लेसच्या पहिल्या कड्यातून ओवायची, मग टाचेमागून फिरवून पुन्हा पुढे आणायची आणि गाठ वर, पायाच्या पाठीवर मारायची. गाठ खाली आली तर दहा पावलांत घासून तुटते. दर अर्ध्या तासाने वेढे सैल होतात, ते पुन्हा आवळायचे. या एवढ्या दोरीवर मी लोकांना हरिश्चंद्रगडावरून पाचनईपर्यंत आणलं आहे. घरून निघण्याआधी बूट हातात घेऊन सोल दोन्ही हातांनी वाकवून बघा. भेग दिसली तर ते बूट घरीच राहू द्या.

गावांबद्दल मला वेगळी काळजी वाटते. हे दिवस भात पोटरीला येण्याचे आणि पुढे कापणीचे. नाचणी, वरई उतारावर उभी असते, खुरासणी पिवळी फुललेली असते. शहरातल्या माणसाला ते सुंदर हिरवं-पिवळं दिसतं आणि तो फोटोसाठी आत शिरतो. एका गावात एक आजी बांधावर काठी घेऊन बसलेली पाहिली. मला वाटलं पाखरं हाकलतेय. ती म्हणाली, "पाखरं खात्यात थोडं. तुमी लोक तुडवत्यात लय." त्या वेळपासून गावातून जाताना मी पुढच्या लीडरलाही मागे घेते आणि बांधावरून एकेकाला ओळीने नेते. त्याच गावात आमच्या पिठलं-भाकरीचे पैसे घरोघर जातात, हेही खरं. पैसे देतो म्हणून पीक तुडवायचा हक्क मिळत नाही, एवढंच.

गर्दी आता वाढतच जाणार. २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत साल्हेर आणि राजगड आहेत. लोकांनी यावं, जरूर यावं. मला खटकतं ते एवढंच की ट्रेकच्या जाहिरातीत माथ्याचा फोटो असतो, फुलांचा असतो, जेवणात काय मिळेल तेही असतं, आणि उतरायला किती वाजता सुरुवात करणार हे कुठेच नसतं. बहुतेक अपघात उतरताना होतात, दमलेल्या पायांनी, संधिप्रकाशात, गाडी चुकेल या घाईत. मग रात्री बचाव पथकांतली मुलं आपली कामधाम सोडून दोर घेऊन धावतात. ती मुलं याचे पैसे घेत नाहीत.

म्हणून यंदा आश्विनात कोणाबरोबर डोंगरावर जाणार असाल, तर पैसे भरण्याआधी त्यांना तीन गोष्टी विचारा. माथा किती वाजता सोडणार? प्रत्येकाकडे बॅटरी असणार का? आणि सगळ्यांच्या मागे कोण चालणार? तिसऱ्या प्रश्नाला नाव मिळालं नाही, तर त्या गटाबरोबर जाऊ नका.